खेळाची दोन यंत्रे आणि परवानगीचा प्रश्न

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये अलीकडे एक संज्ञा वारंवार भेटते : जीपीयू. मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय’ मोहिमेला मंजुरी दिली, तेव्हा 10,000 हून अधिक जीपीयूंची संगणनक्षमता उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्याच वर्षी 26 सप्टेंबर रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील संशोधनसंस्थांसाठी राष्ट्रार्पित झाले. अशा बातम्यांखाली विद्यार्थ्यांचे प्रश्न येतात, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो : “घरी घेण्याजोगे यंत्र कोणते? गेमिंगचा पीसी की कन्सोल? पीसीचे दिवस आता संपत आले, असे म्हणतात ते खरे का?”

हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. परंतु आज ज्या चिपांसाठी राष्ट्रे अंदाजपत्रके मांडत आहेत, त्या मुळात खेळातील चित्रे वेगाने रंगवण्यासाठी घडल्या होत्या. त्या प्रयोगशाळेपर्यंत कशा पोचल्या आणि कन्सोलमधील तितक्याच समर्थ चिपा वाटेतच का थांबल्या, हा इतिहास पाहिला तर पीसी आणि कन्सोल यांच्या भवितव्याचा वाद वेगळ्या प्रकाशात दिसतो. दोहोंतील खरा भेद सामर्थ्याचा कधीच नव्हता. विकत घेतलेल्या यंत्रावर काय चालवायचे हे ठरवण्याची परवानगी कोणाकडे राहते, हा तो भेद आहे.

आरंभ प्रयोगशाळेतच झाला. 1958 साली अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी एका अ‍ॅनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ तयार केला. चेंडूचा मार्ग काढण्यासाठी तो संगणक गतीची समीकरणेच सोडवत होता. 1962 मध्ये एमआयटीतील तरुणांनी पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर’ लिहिला. त्यात पडद्याच्या मध्यभागी एक तारा होता आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणात दोन याने एकमेकांवर मारा करीत. दोन्ही खेळ गंभीर कामासाठी आणलेल्या यंत्रांवर जन्मले, कारण त्या यंत्रांपाशी बसणाऱ्यांना त्यांच्यावर हवे ते करून पाहण्याची मुभा होती.

पुढे वाटा फुटल्या. 1972 मध्ये राल्फ बेअर यांच्या संकल्पनेवर आधारलेला ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल आला, तर 1977 मध्ये अटारीने काडतुसे बदलून अनेक खेळ खेळता येतील असा कन्सोल घरोघर पोचवला. कोणीही कसलेही खेळ विकावेत अशी स्थिती झाल्यावर 1983 मध्ये अमेरिकेतील हा बाजार कोसळला. त्यातून निन्टेंडो कंपनीने एक धडा घेतला. 1985 मध्ये अमेरिकेत आणलेल्या आपल्या कन्सोलमध्ये तिने एक कुलूप-चिप बसवली. काडतुसात तिची जोडीदार चिप नसेल, तर कन्सोल खेळ चालवण्यास नकार देई. यंत्र ग्राहकाचे, परंतु त्यावर काय चालावे हा निर्णय कंपनीचा, ही कन्सोलची रीत तेव्हापासून पक्की झाली.

या कुलपाचा भारताशी एक गमतीदार संबंध आहे. निन्टेंडोच्या 1983 च्या जपानी यंत्रात, म्हणजे फॅमिकॉममध्ये, ही चिप नव्हती, म्हणून त्याच्या नकला करणे सोपे गेले. 1990 च्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणीला जोडलेले, पिवळ्या-लाल काडतुसांचे जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतांशी या कुलूपरहित यंत्राचे वंशज होते. एका अख्ख्या पिढीचे बालपण त्या न बसवलेल्या चिपेचे ऋणी आहे.

व्यक्तिगत संगणकाचा, अर्थात पीसीचा, मार्ग वेगळा होता. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने आणलेला पीसी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांपासून जोडलेला होता आणि त्याची रचना प्रसिद्ध होती. लवकरच इतर कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत यंत्रे बनवली. या मोकळेपणाची फळे भारतात गल्लोगल्ली दिसतात. चेन्नईत मी राहतो त्या तिरुवल्लिकेणीच्या (इंग्रजांच्या तोंडी जिचे ट्रिप्लिकेन झाले) वेशीवर, माउंट रोडला लागून, रिची स्ट्रीट नावाचा बाजार आहे. मुंबईकरांसाठी जो लॅमिंग्टन रोड किंवा पुणेकरांसाठी जी तपकीर गल्ली, तोच हा प्रकार. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून आणि कॅबिनेट तिसऱ्यातून घेऊन जोडलेला ‘असेंबल्ड’ पीसी ही भारतीय विद्यार्थ्यांची संगणकाशी झालेली खरी ओळख. त्यावर कोणी हिशेब शिकले, कोणी सी भाषा, आणि जवळजवळ सर्वांनीच गेम खेळले. एकाच यंत्राने तीन कामे केली, कारण चौथे काम करू नकोस असे सांगणारे त्यात काही नव्हते.

याच शहरात त्या तत्त्वाचे मोठे रूपही उभे राहिले. तरमणी येथील गणितीय विज्ञान संस्थेत (आयएमएससी) 2004 च्या सुमारास ‘कबरू’ नावाचा संगणकसमूह उभारला गेला. पीसीच्याच कुळातील झिऑन प्रक्रियक जोडीजोडीने बसवलेली 144 यंत्रे, त्यांवर लिनक्स आणि त्यांना जोडणारे वेगवान जाळे, अशी त्याची घडण होती. काम होते प्रबळ आंतरक्रियेचा, म्हणजे क्वार्कना प्रोटॉनमध्ये बांधून ठेवणाऱ्या बलाचा, अभ्यास. बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून जगातील पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीत स्थान मिळवता येते, हे कबरूने दाखवून दिले.

मात्र विज्ञानाला सर्वांत मोठी देणगी मिळाली ती ग्राफिक्स कार्डाची, आणि तिचे श्रेय सर्वस्वी पीसीवर गेम खेळणाऱ्यांचे. 1993 मध्ये ‘डूम’ आणि 1996 मध्ये ‘क्वेक’ या खेळांनी त्रिमितीय दृश्यांची भूक निर्माण केली. मुख्य प्रक्रियकाला तो भार पेलेना, म्हणून चित्र रंगवण्यासाठी वेगळे कार्ड बसवण्याची रीत पडली. पीसीचे झाकण उघडून त्यात नवे कार्ड खोचता येत होते, म्हणून दरवर्षी नवे कार्ड विकता येत होते, आणि म्हणूनच कंपन्यांमध्ये चुरस लागली. कन्सोलची घडण पाच-सात वर्षे स्थिर राहते, पीसीत मात्र उत्क्रांती अखंड चालू होती. 1999 मध्ये एनव्हीडिया कंपनीने आपल्या ‘जीफोर्स 256’ या कार्डाची जाहिरात जीपीयू या नावाने केली, आणि 2001 पासून या चिपांवर छोटे कार्यक्रम लिहिण्याची सोय झाली.

खेळाची चिप भौतिकशास्त्राला का उपयोगी पडावी, हे एका साध्या हिशेबातून समजते. 1920 गुणिले 1080 आकाराच्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग काढण्याची कृती जवळजवळ सारखीच, आणि एका बिंदूचे काम दुसऱ्यासाठी अडून राहत नाही. म्हणून एक हुशार कारागीर बसवण्याऐवजी शेकडो साधे कारागीर एकाच वेळी कामाला लावणे फायद्याचे ठरते. आता प्रबळ आंतरक्रियेचे गणित पाहा. त्यासाठी अवकाश आणि काळ यांची चौमितीय जाळी मांडतात. अवकाशाच्या प्रत्येक दिशेस 32 आणि काळाच्या दिशेस 64 बिंदू घेतले, तर एकूण 20,97,152 बिंदू होतात, म्हणजे पडद्यावरील बिंदूंच्या संख्येइतकेच जवळपास. येथेही प्रत्येक बिंदूवर तीच कृती करायची असते आणि तिला केवळ शेजारच्या बिंदूंची माहिती लागते. खेळाचा पडदा आणि क्वार्कची जाळी ही संगणनाच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत.

2006 मध्ये युरोपातील काही भौतिकशास्त्रज्ञांनी हे साम्य प्रत्यक्षात आणले. क्वार्कच्या गणिताला त्यांनी चित्र रंगवण्याच्या भाषेचा वेश चढवला, दुकानात मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर ते चालवले, आणि आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच या गणिताला ‘व्हिडिओ गेम’ म्हटले. त्याच वर्षअखेरीस एनव्हीडियाने ‘कुडा’ ही प्रणाली जाहीर केली. आता गणिताला चित्राचे सोंग घेण्याची गरज उरली नाही. सी भाषेला जवळ असलेल्या भाषेत थेट कार्यक्रम लिहिता येऊ लागला. 2012 मध्ये टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी प्रतिमा ओळखणारे ‘अ‍ॅलेक्सनेट’ हे जाळे प्रशिक्षित केले, तेही ‘जीटीएक्स 580’ या गेमिंगच्या दोन कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा उगम सांगताना ही दोन कार्डे वगळता येत नाहीत.

याच काळात कन्सोलनेही प्रयोगशाळेचे दार ठोठावले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 2003 मध्ये इलिनॉय विद्यापीठातील महासंगणन केंद्रात सुमारे 70 प्लेस्टेशन 2 जोडून संगणकसमूह बनवला गेला. नोव्हेंबर 2006 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 3 मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला ‘सेल’ हा असामान्य प्रक्रियक होता, आणि ‘अदर ओएस’ या सोयीमुळे त्यावर लिनक्स बसवता येत असे. मॅसॅच्युसेट्समधील गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञांनी प्लेस्टेशन 3 यंत्रांचा समूह करून त्यावर कृष्णविवरांच्या गुरुत्वलहरींची गणिते चालवली. 2008 मध्ये सेकंदाला एक पेटाफ्लॉप, म्हणजे 10 चा पंधरावा घात इतक्या गणिती क्रिया, हा टप्पा प्रथम ओलांडणाऱ्या ‘रोडरनर’ महासंगणकात सेलचीच सुधारित आवृत्ती होती. 2010 मध्ये अमेरिकी हवाई दलाने 1,760 प्लेस्टेशन 3 जोडून ‘काँडर’ हा समूह उभारला.

आणि नेमक्या याच वर्षी दार बंद झाले. 1 एप्रिल 2010 रोजी सोनीने 3.21 या क्रमांकाची सॉफ्टवेअर-आवृत्ती प्रसृत केली आणि ‘अदर ओएस’ काढून टाकले. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले. ती आवृत्ती न स्वीकारणाऱ्यांना आंतरजालावरील खेळसेवेला मुकावे लागे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा एक गुण खरेदीनंतर कंपनीने दुरून काढून घेतला. ग्राहकांनी अमेरिकेत सामूहिक दावा दाखल केला आणि काही वर्षांनी तडजोडीने भरपाई ठरली. ती सोय मात्र परत आली नाही. खरे तर ते दार आधीही अर्धेच उघडे होते. लिनक्स चालवताना प्लेस्टेशन 3 मधील ग्राफिक्सची चिप वापरता येत नसे.

यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. कारण अर्थशास्त्रीय आहे. कन्सोल बहुधा अत्यल्प नफ्यावर, कधी तोट्यातही, विकला जातो. कंपनीची कमाई पुढे होते, प्रत्येक खेळाच्या विक्रीतील वाट्यातून. कृष्णविवरांचे गणित करणारा प्लेस्टेशन एकही खेळ विकत घेत नाही, म्हणून कंपनीच्या लेखी तो बुडीत ग्राहक. ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्याचा नफा मात्र विक्रीच्या क्षणीच पदरात पडतो. ग्राहक त्यावर नंतर खेळ खेळो की क्वार्क मोजो, विक्रेत्याचे काहीच जात नाही. उलट प्रत्येक नवा उपयोग म्हणजे नवा गिऱ्हाईक. यंत्राची कमाई जेथून होते, त्यावरून त्याचे दार उघडे राहील की बंद, हे ठरते.

आता वर्तमानाकडे वळू. 2013 मधील प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन यांच्यापासून या दोन्ही कन्सोलमध्ये पीसीच्याच घराण्यातील एएमडीच्या चिपा आहेत. 2020 च्या प्लेस्टेशन 5 मधील जीपीयू सेकंदाला सुमारे 10 टेराफ्लॉप गणिते करतो. कबरूची क्षमता सुमारे एक टेराफ्लॉप होती. हा प्लेस्टेशन फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात 49,990 रुपयांना आला. दोन्ही आकड्यांची अचूकतेची पातळी सारखी नाही, त्यामुळे सरळ तुलना काटेकोर ठरणार नाही; तरीही दिवाणखान्यातील त्या पेटीत केवढे सामर्थ्य आहे याची कल्पना येते. ते सामर्थ्य तिच्या मालकाला शिकण्यासाठी सहजासहजी वापरता येत नाही, एवढीच खंत.

कन्सोलची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो स्वस्त पडतो, झटपट सुरू होतो आणि पाच-सात वर्षे बदलत नाही, म्हणून खेळ रचणारे त्याच्या चिपेतील शेवटचा थेंबही वापरू शकतात. केवळ खेळायचे असेल, तर कन्सोल घेणारा मुळीच फसत नाही. दुसरीकडे सोनीचे नावाजलेले खेळ 2020 पासून पीसीवर येऊ लागले आहेत. कोण कोणाला गिळणार हा वाद त्यामुळे निष्फळ होत चालला आहे. यंत्रे आतून एक झाली आहेत. नियम तेवढे दोन आहेत.

चिंता वेगळीच आहे. पीसीचे उघडे दारही कायमचे उघडे राहील याची हमी नाही. भौतिकशास्त्राच्या अनेक गणितांना 64 बिटांची दुहेरी अचूकता लागते. 2010 च्या जीटीएक्स 580 मध्ये दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या एक अष्टमांश होता; 2020 च्या ‘आरटीएक्स 3090’ मध्ये तो एक चौसष्टांश आहे. खेळाला तिची गरज नसते, आणि जिला असते त्या प्रयोगशाळेने महागडे व्यावसायिक कार्ड घ्यावे, असा सरळ हिशेब. 2017 च्या अखेरीस एनव्हीडियाने जीफोर्सच्या सॉफ्टवेअर-परवान्यात बदल करून ही कार्डे विदाकेंद्रांत वापरण्यास मनाई केली. 2020 च्या मध्यावर तिच्या विदाकेंद्र विभागाचे उत्पन्न प्रथमच गेमिंगच्या पुढे गेले. कमाईचा झरा सरकला की दाराची बिजागरीही सरकते, हे आपण पाहिलेच आहे. शिवाय खेळ दूरच्या केंद्रात चालवून घरी केवळ चित्र पाठवण्याचे प्रयोग सुरू आहेत. गूगलची ‘स्टेडिया’ सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2023 मध्ये बंद पडली, परंतु ती कल्पना जिवंत आहे. ती पूर्णपणे यशस्वी झाली, तर घरात कन्सोलही नसेल आणि पीसीही नसेल. असेल केवळ एक पडदा आणि मासिक वर्गणी.

तथापि हा प्रवाह अटळ नाही, याचेही उदाहरण आहे. व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारे यंत्र आणले. ही कंपनी आपल्या खेळांच्या दुकानातील वाट्यावर जगते, म्हणजे व्यवहार कन्सोलसारखाच. तरीही यंत्र लिनक्सवर चालते आणि मालक त्यावर दुसरी प्रणाली खुशाल बसवू शकतो. ग्राहकाला कोंडून न ठेवता सोयीने बांधून ठेवता येते, हे त्यातून दिसले. कन्सोलची सुलभता आणि पीसीची मोकळीक एकत्र नांदू शकतात. त्यासाठी ती मोकळीक मागणारे ग्राहक मात्र हवेत.

भारतीय विद्यार्थ्याला हा मुद्दा अधिक जवळचा वाटावा. 1980 च्या दशकात अमेरिकेने आपल्या निर्यात-निर्बंधांखाली भारताला प्रगत महासंगणक नाकारला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ साकारला. त्याचे सामर्थ्य कोणा एका अजस्र चिपेत नव्हते. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक मोठ्या संख्येने जोडून, त्यांना एकत्र काम करायला लावणारी प्रणाली स्वतः लिहून तो उभा राहिला. दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून राहण्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. 10,000 जीपीयूंची केंद्रे उभारणे आवश्यकच आहे, पण ती चालवणारी माणसे तेथे घडत नाहीत. ती घडतात रात्री उशिरा स्वतःच्या यंत्रात डोके घालणाऱ्या विद्यार्थ्यांतून.

तिरुवल्लिकेणीच्या हनुमंतरायन कोविल रस्त्यावर एके काळी श्रीनिवास रामानुजन राहत होते. कागद परवडत नसे, म्हणून ते पाटीवर गणिते मांडत, कोपराने पुसत, आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून ठेवत. पाटी स्वस्त होती हे खरेच. पण तिच्यावर काय लिहायचे हे पाटी विकणारा ठरवत नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे.

म्हणून ‘पीसी की कन्सोल’ असे विचारणाऱ्या मित्रांना सांगणे इतकेच. खेळा, मनसोक्त खेळा. या क्षेत्राची निम्मी प्रगती खेळणाऱ्यांच्या हौसेतून झाली आहे. मात्र यंत्र निवडताना टेराफ्लॉपांच्या आकड्यासोबत आणखी एक गोष्ट तपासा : यावर मी स्वतः लिहिलेला दहा ओळींचा कार्यक्रम कोणालाही न विचारता चालेल का? जुना, वापरलेला, रिची स्ट्रीटवर किंवा तपकीर गल्लीत जोडून घेतलेला साधा पीसी या कसोटीला आजही उतरतो. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी आज रात्री खेळ संपल्यावर त्याच कार्डावर दोन आव्यूहांचा गुणाकार करून पाहावा. कसा केला आणि किती वेळ लागला, ते खाली जरूर लिहा; अडलेल्यांना उत्तर द्यायला मी आहेच.